सात दाते मागं

१

सकाळी साडेनऊला उद्यमनगरातल्या बायका भाजी निवडायला बसतात, तेव्हा बाळाबाई कानस घेऊन बसायची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दाराशी, उजेड खांद्यावरून येईल अशी. पुढ्यात वाइस, वाइसमध्ये जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून कापलेली वीतभर पट्टी. एक टोक घासून जिभेसारखं पातळ करायचं. दुसऱ्या टोकाला मूठ, आणि मुठीवर अंगठा बसेल अशी खाच. मग भट्टीत लाल करून हातोडीनं बाक द्यायचा, जळक्या ऑइलमध्ये बुडवून पाणी द्यायचं, आणि मंद आचेवर गव्हाच्या रंगाला आणायचं. झाली वाकडी.

बाजारात तिला काही का म्हणेनात, या घरात ती वाकडीच. जुन्या गाड्यांच्या ब्रेकला लागते. चाकामागच्या पत्र्याला एक फट असते, लहान पोराच्या पैशाच्या डब्याला असते तेवढी. आत दात्यांचं एक बारकं चाक. फटीतून वाकडी घालायची आणि एकेक दाता फिरवायचा. टक. टक. आतले लायनर ड्रमला भिडतात, चाक जाम होतं. मग मोजून मागं यायचं. कुठल्या गाडीला किती दाते मागं, हे तिच्या नवऱ्याला, कृष्णातला, तोंडपाठ होतं. ऐकून ऐकून बाळाबाईलाही झालं होतं.

दर गाडीची फट वेगळी, म्हणून दर गाडीची वाकडी वेगळी. भिंतीला फळी, फळीला खिळे, एका खिळ्याला एक. खाच वर धरली की सगळ्यांचा बाक डावीकडं जायचा, कारण कृष्णात डावखुरा होता.

होता. त्याला वर्ष झालं.

२

गाडीखाली उताणा पडलेला माणूस बोलत नाही. तोंड उघडलं की गंज घशात. म्हणून कृष्णात नुसता डावा हात बाहेर काढायचा, पंजा वर. बाळाबाई शेजारी पाटावर बसलेली असायची. हात आला की त्यात अवजार द्यायचं, मूठ त्याच्याकडं करून. विचारायचं नाही. आणि काम झालं की तोच हात शेवटचा एकदा बाहेर यायचा. तेव्हा अवजार नाही, आपला हात द्यायचा आणि ओढायचं. अंगाखालच्या पोत्यासकट माणूस फरफटत उजेडात यायचा आणि म्हणायचा, "लगीन केल्याचा हा एवढाच फायदा." चाळीस वर्षं एकच विनोद. तिनं कधी हसून दाखवलं नाही, आणि त्यानं कधी तो चुकवला नाही.

गेल्या श्रावणात तो निळ्या शेवरलेटखाली होता. गडहिंग्लजच्या चिरागशेठची गाडी, चोपन्न सालची. मागचं उजवं चाक. टकटक ऐकू येत होती, मग थांबली. चाक जाम झालं, हे तिला आवाजावरून कळलं. आता सात दाते मागं. तेवढ्यात हात बाहेर आला.

घरात गॅसवर दूध वर येत होतं.

"थांबा की जरा," ती म्हणाली आणि आत गेली. दूध उतरवलं. सांडलेलं पुसलं. परत आली तर हात तसाच होता. तिनं फळीकडं पाहिलं; शेवरलेटचा खिळा रिकामा होता, म्हणून शेजारची वाकडी काढून हातात दिली. बोटं मिटली नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. आल्यागेल्याला तिनं सांगितलं, मी तिथंच हुते, बघता बघता गेले. दुधाचं कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी शेड झाडताना शेवरलेटची वाकडी गाडीखालीच सापडली. तिनं ती पुसून खिळ्याला अडकवली. त्यावर विचार केला नाही.

शेवटच्या अंघोळीच्या वेळी तिनं एकच काम कुणाला करू दिलं नव्हतं. डिझेलच्या बोळ्यानं त्याची नखं साफ केली. चाळीस वर्षांचं काळं निघायला अर्धा तास लागला. नखं पांढरी झाली आणि तो हात तिला कुणा शाळामास्तराचा वाटायला लागला. रडू आलं नाही. पुढंही नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात जसा होतो, तसं आत काहीतरी झालं होतं. मुंग्या येतील, मग दुखेल, अशी वाट बघता बघता वर्ष गेलं.

३

शेवरलेट वर्षभर तिथंच उभी. मागची बाजू घोडीवर, म्हणजे लोखंडी तिपाईवर उचललेली, वरून ताडपत्री. कुणी हात लावला नाही. ह्या गुरुवारी चिरागशेठ आले, पेढे घेऊन.

"काकू, मी घाई करणार न्हवतो. पण वरीस झालं. घोडीवर बसायचा मान नवऱ्यामुलाचा, गाडीनं किती बसावं?"

"न्या की. तुमचीच हाय."

"मंगळवारी जुन्या गाड्यांची फेरी हाय. गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला. सम्राट चालवंल. मला ती जमत न्हाय, स्टिअरिंग धरलं की म्हशीची शिंगं धरल्यागत वाटतंय."

सम्राट म्हणजे तिचा मुलगा. शिरोलीला कारखान्यात नोकरी करायचा, सुट्टीला बापाचं काम बघायचा. तो हसत होता. वर्षभरात त्याच्या तोंडावर एवढा उजेड तिनं पाहिला नव्हता.

चिरागशेठ गेल्यावर सून, संयोगिता, दारात येऊन उभी राहिली. "घाट, आत्ती. तो बावड्याचा. ह्यांना न्हाय म्हणून सांगा की."

"ब्रेक नीट असले की घाट काय आन् ताराबाई पार्क काय," सम्राट म्हणाला. "आई, तेवढं माझं एक काम कर. आबांच्या वाकड्या माझ्या हाताला उलट्या पडत्यात. शेवरलेटची एक उजवी करून दे."

"देती," बाळाबाई म्हणाली. तिला बरं वाटलं की वाईट, ते तिनं तपासलं नाही. पट्टी शोधायला उठली.

४

शुक्रवारी वाकडी झाली. फळीच्या दुसऱ्या टोकाला नवा खिळा ठोकून तिनं ती अडकवली.

शनिवारी सकाळी सम्राटनं ती काढली आणि हसला. "आई, डावीच केलीस की गं."

तिनं हातात घेतली. खाच वर धरली. बाक डावीकडं.

"उजवी केलती."

"चाळीस वरसं डावीच केलीस. डोकं उजवी म्हणालं तरी हात कुठं ऐकतोय?"

हे पटण्यासारखं होतं. तिनं पटवून घेतलं. त्या दिवशी दुसरी करायला बसली, आणि या वेळी हातावर विश्वास ठेवला नाही. बाक दिल्यावर बाकाच्या बाहेरच्या अंगाला छिन्नीनं फुलीची खूण केली. मग पाणी दिलं. तयार झाल्यावर संयोगिताला बोलावलं.

"खाच वर धर. बाक कुठल्या बाजूला जातोय?"

"माझ्या जेवायच्या हाताकडं."

"नीट बघ."

"बघितलं की आत्ती. जेवायच्याच. शपथ घालतासा काय आता?"

रविवारी सकाळी बाळाबाई चहाच्या आधी शेडमध्ये गेली. वाकडी खिळ्याला होती. खाच वर. बाक डावीकडं. फुली आता बाकाच्या आतल्या अंगाला होती, आणि जराशी चेपली होती, दोन सुरकुत्यांमध्ये सापडल्यासारखी.

ती पाटावर बसली. कुणी वाकवली म्हणावं, तर पाणी दिलेलं पोलाद थंड असताना वाकत नाही, काडकन तुटतं. तिनं नखानं चाचपून पाहिलं. तडा नव्हता. तापवून वाकवली म्हणावं, तर रंग काळानिळा पडला असता. गव्हाचा रंग जसाच्या तसा होता. कानस मारून पाहिली, कानस घसरली. पाणी उतरलेलं नव्हतं.

मग राहिलं काय? तिनं शेडमध्ये नजर फिरवली. वाइस, भट्टी, ऑइलचा डबा. ताडपत्री काढलेली गाडी. गाडीखाली ते पोतं अजून होतं. वर्षभर कुणीच काढलं नव्हतं.

तिनं वाकडी होती तिथंच अडकवली आणि चहा टाकायला आत गेली.

५

रविवारी सम्राटनं डाव्या वाकडीनंच कसेबसे ब्रेक केले. तीन चाकं सुतासारखी झाली. मागचं उजवं चाक बापानं सोडलं होतं तसंच होतं, जाम. सम्राट गाडीखाली गेला. बाळाबाई पाटावर बसून मोजत होती. टक. टक. सात झाले. त्यानं बाहेर येऊन हातानं चाक फिरवलं, ते बराच वेळ फिरत राहिलं.

"झालं, आई."

जेवून आले तर चाक जाम.

"दमट हवा. लायनर फुगलं असणार," तो म्हणाला आणि पुन्हा खाली गेला. सात दाते मागं. चाक मोकळं झालं. तिघांनीही ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

चहा पिऊन आले तर जाम.

या वेळी तो लगेच खाली गेला नाही. चाकावर हात ठेवून उभा राहिला. "आबा घट्ट करून गेले. त्यांचं त्यांनाच सोडवू दे," असं म्हणून हसला. दोघी हसल्या नाहीत, तेव्हा त्यानंही थांबवलं.

"असंच ऱ्हायलं तर?" संयोगितानं विचारलं.

"घाटात चाक घासत जाईल. ड्रम तापंल."

"मग?"

"तापला की पॅडल तळाला जातंय, आन् गाडी थांबत न्हाय." हे त्यानं शाळेतल्या धड्यासारखं म्हटलं. "पण तसं हुणार न्हाय. उद्या ड्रम उघडून बघतो. शब्द दिलाय मी शेठना."

तो गेल्यावर संयोगितानं सासूचा दंड धरला. "तुमी न्हाय म्हणालासा तर ऐकतील. तुमी काईच कसं म्हणत न्हाईसा, आत्ती? भ्या वाटत न्हाय?"

बाळाबाईनं आत बघितलं. भीती असायला हवी ती जागा सापडली, पण तिथं बधिर होतं.

"अर्धं काम टाकून जाणारा माणूस न्हवता त्यो," ती म्हणाली.

६

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. एरवी लेथचे, प्रेसचे आवाज एवढे की माणसाला आपला खोकला ऐकू येत नाही. सोमवारी सगळं थंड. दुपारी बारा वाजता पत्रा तापून तडतडत होता, तेवढाच आवाज.

बाळाबाई शेडमध्ये आली तेव्हा गाडीशेजारी सम्राटच्या चपला होत्या. म्हणजे तो खाली होता. तिनं पाट ओढला आणि बसली. त्यानं ड्रम अजून उघडलेला दिसत नव्हता. विचारावं असं वाटलं, पण खालच्या माणसाला विचारायचं नसतं.

थोड्या वेळानं हात बाहेर आला. पंजा वर.

ती उठली. शेवरलेटच्या खिळ्यावरची वाकडी काढली, मूठ पुढं करून हातात ठेवली. बोटं मिटली. हात आत गेला.

टक.

बोटं मिटल्याचं तिला बरं वाटलं. बरं का वाटलं, याचा विचार ती करत होती.

टक. टक.

तो डावा हात होता.

टक.

सम्राट डाव्या हातानं कशाला काम करील? ही वाकडी डावी, म्हणून करत असेल. माणूस अवजाराप्रमाणे वळतो.

टक. टक.

सहा.

टक.

सात. थांबलं. ती आठव्याची वाट बघत राहिली. आठवा आला नाही. चाक आपोआप हललं, पाव फेरा फिरलं, आणि झुलत झुलत थांबलं. मोकळं.

"आई, जेवलीस का गं?"

आवाज दारातून आला. सम्राट दारात उभा होता. हातात ब्रेक ऑइलचा रिकामा डबा, पायात बूट. बाहेरच्या उन्हातून आला होता, डोळे बारीक करून अंधारात बघत होता. "लक्ष्मीपुरीत जाऊन आलो. एक दुकान उघडं असंल तर शपथ."

बाळाबाईनं खाली पाहिलं. चाकाशेजारी हात पुन्हा बाहेर आला होता. पंजा वर, रिकामा. नखं पांढरी होती.

७

"काय बघतीयास खाली?" सम्राट म्हणाला आणि एक पाऊल आत टाकलं.

"थांब की जरा," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि तिला ऐकू आले. सम्राट थांबला. हातही थांबला होता. तो मागत होता, आणि थांबला होता, आणि त्याला थांबायची सवय होती.

वर्षभर जे केलं नव्हतं ते तिनं आता केलं. विचार केला. त्या दिवशी खिळा रिकामा होता. वाकडी गाडीखालीच सापडली. म्हणजे ती त्याच्यापाशीच होती. अवजार जवळ असलेला माणूस अवजार मागत नाही. सात दाते राहिले होते तरी कृष्णातनं काम सोडून हात बाहेर काढला होता, छातीत काय झालं असेल ते झालं तेव्हा, मला ओढ म्हणून. आणि ती दूध पुसत होती. आणि परत येऊन तिनं त्या हातात दुसरी वाकडी ठेवली होती.

हे सगळं तिला साफ दिसलं. मुंग्या आल्या नाहीत.

तिला एवढंच कळलं की उद्या सकाळी गाडी निघणार. वर तिचा मुलगा बसणार, आणि खाली हे. घाटातही हात असाच बाहेर काढलेला असणार, आणि द्यायला तिथं कुणी नसणार.

ती पाटावरून खाली फरशीवर बसली. नजर समोर फळीवर ठेवली, खिळे मोजत. उजवा हात खाली नेला आणि दिला.

बोटं मिटली. कोरडी. गार नव्हती, ऊनही नव्हती.

तिनं पाय रोवून ओढलं. वजन आलं. पोतं फरशीवरून सरकल्याचा आवाज झाला, तोच, खरखरीत, लांबलचक. पुन्हा ओढलं. गुडघ्याशी काहीतरी टेकलं. खांद्याएवढं. तिनं बघितलं नाही. बारा खिळे, तेरा, चौदा.

आता तो म्हणेल. लगीन केल्याचा.

ती थांबली. पत्रा तडतडला. कुणी काही म्हणालं नाही.

चाळीस वर्षांत न चुकलेलं वाक्य आलं नाही, तेव्हा पहिल्यांदा तिच्या मानेवर काटा आला. आपण ओढून काढलं ते कोण?

"आई!" सम्राट धावत आला. "काय वडतीयास तू?"

त्यानं तिला उठवलं. मग वाकून गाडीखाली पाहिलं. खाली फरशी होती आणि वाकडी पडलेली होती. पोतं बाहेर आलं होतं, तिच्या गुडघ्यापाशी. रिकामं. मधोमध खोलगट.

"कोण हुतं?"

"चाक बघ," बाळाबाई म्हणाली.

त्यानं चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. तासाभरानं पाहिलं, संध्याकाळी पाहिलं. मोकळंच होतं.

८

मंगळवारी पहाटे निळी गाडी गेली. अकराच्या सुमारास सम्राटचा फोन आला. संयोगितानं स्पीकरवर टाकला.

"घाट उतरलो, आई! ब्रेक म्हणजे लोणी. शेठ म्हणत्यात, आबा असते तर त्यांची पाठ थोपटली असती."

"बरं झालं," बाळाबाई म्हणाली.

संयोगिता फोन छातीशी धरून रडली, मग हसली, मग कांदा चिरायला घेतला. घरात फोडणीचा वास भरला. सगळं जागच्या जागी होतं. शेड रिकामी होती. पोतं बाळाबाईनं सकाळीच भट्टीत घातलं होतं.

दुपारी एका ॲम्बॅसिडरवाल्याची पट्टी वाइसमध्ये होती. कानस तिनं डाव्या हातात घेतली. आदल्या दुपारपासून कालवणही तिनं डाव्या हातानंच ढवळलं होतं, वेणीही तशीच घातली होती, आणि जमत होतं, आधीपासून येत असल्यासारखं. उजवा हात मांडीशेजारी लोंबत होता. बोटं अर्धी मिटलेली, आत एखादं मनगट मावेल एवढी जागा ठेवून. तो बधिर होता. चालताना तो किंचित मागं राहायचा. दारातून जाताना ती जरा थांबायची, मागून दुसऱ्या कुणाला यायचं असल्यासारखी.

संयोगितानं पिठाची परात आणून पुढ्यात ठेवली. "आत्ती, जरा हात लावतासा काय? मला कांदा हाय." मग तिचं लक्ष गेलं. ती जवळ बसली, सासूची बोटं उघडायला बघू लागली. एक उघडेना. "कालपास्नं बघतीया. हात असा का धरलाईसा? सोडा की."

बाळाबाईनं हाताकडं पाहिलं. मग त्याच्या पलीकडं, थोडं वर, तोंड असतं त्या उंचीला.

"मी न्हाय धरला," ती म्हणाली.